जामीन झाला म्हणजे केस संपली का?

मारहाण करणाऱ्याला पोलिसांनी धरून नेले आणि दोन महिन्यांनी तोच माणूस चावडीपुढे मिशीवर ताव देत उभा दिसला, की फिर्यादीच्या घरात अन्न गोड लागत नाही. “सुटला तो! आता कसला न्याय?” असे म्हणून किती तरी घरे तडजोडीच्या कागदावर सही-अंगठा करून मोकळी होतात. वाचकहो, घात होतो तो इथेच. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटला तसाच उभा असतो. ‘तारखेला हजर राहीन’ अशी हमी देऊन आरोपी तोवर बाहेर असतो, इतकेच.

मग गंभीर गुन्ह्यात जामीन देताना कोर्ट काय पाहते? कागदपत्रांवरून आरोपीचा गुन्ह्याशी संबंध सकृद्दर्शनी दिसतो का? गुन्हा किती मोठा आणि शिक्षा किती? आरोपी पळून जाईल, साक्षीदारांना दमदाटी करील, पुरावा नाहीसा करील, पुन्हा तसाच गुन्हा करील, अशी भीती आहे का? खरेखोटे ठरवणे पुढे खटल्यात होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र कोर्टात गेले नाही, तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. म्हणून फिर्याद देऊन घरी बसू नये. दोषारोपपत्र गेले का, हे विचारत राहावे.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८ प्रमाणे आरोपीला अटकपूर्व जामीन मिळत नाही. मार्च २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ही तरतूद सैल झाली, तेव्हा त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घातले. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवले. मात्र फिर्यादीवरून या कायद्याखालचा गुन्हाच दिसत नसेल तर ही बंदी लागू होत नाही, असेही सांगितले. म्हणून फिर्याद लिहून देताना काय घडले, कुठे, केव्हा, कोणादेखत, नेमके शब्द कोणते, हे सारे नीट लिहावे आणि वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

याच कायद्यातले कलम १५-अ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. आरोपीच्या जामीनअर्जाची सूचना पीडिताला वेळेवर मिळालीच पाहिजे आणि त्याचे म्हणणे कोर्टाने ऐकलेच पाहिजे. ही सूचना न देता दिलेला जामीन सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात रद्द केला. तेव्हा सूचना आली की एक दिवसाची हजेरी बुडाली तरी जावे. धमकी आली असेल तर तिची लेखी तक्रार सरकारी वकिलांच्या हाती द्यावी. विशेष कोर्टाच्या जामिनाच्या हुकमावर ९० दिवसांत हायकोर्टात अपील करता येते.

कधी आपल्याच घरातले पोरही गजाआड असते. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. मध्य प्रदेशातल्या मोतीराम या गरीब गवंड्याकडे खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून त्याला जामीनदार राहू दिले नाही. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे चूक ठरवून त्याला स्वतःच्या एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. २०२३ मध्ये तर त्याच कोर्टाने सांगितले, की महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर खालच्या कोर्टाने अटी सैल करण्याचा विचार आपणहून करावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसाला तिथे फुकट वकील मिळतो.

जामिनाचा हुकूम काय झाला, याची नक्कल मागून घ्यावी. आरोपीने कोणत्या अटी पाळायच्या, ते तिच्यात लिहिलेले असते. त्याने अट मोडली तर जामीन रद्द करण्याचा अर्ज देता येतो. पण ते बघायला घरातले कोणी तरी तारखेला कोर्टात हवे.