दिवसाच्या तिकिटाचें तळें आणि आमचा पाझर तलाव

शेतकऱ्यांच्या मासिकांत गळानें मासे धरण्याच्या छंदाविषयीं लेख कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. मलाही एरवीं तसेंच वाटलें असतें. परंतु ज्या तळ्याविषयीं मी लिहिणार आहें तें एका शेतकऱ्याचें आहे, वहितीस निरुपयोगी झालेल्या जमिनींत आहे, आणि त्याची हकीकत मीं गांवीं कळविल्यामुळें आमच्याकडे जो वाद उत्पन्न झाला आहे त्यांत अकरा भोई कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न गुंतला आहे. हा विषय गांवांत मींच आणला. तेव्हां त्याची दुसरी बाजूही मींच मांडणें प्राप्त आहे.

२०२४ सालच्या उन्हाळ्यांत मी इंग्लंडांत मुलाकडे दोन महिने राहिलों. त्याचें बिऱ्हाड वूस्टरशायर परगण्यांत आहे. ता. १५ जून रोजीं, शनिवारीं, तो मला पांच कोसांवरील एका तळ्यावर घेऊन गेला. त्या देशांत नदीकांठीं मासे धरण्याचा हक्क बहुधा कोणा जमीनदाराचा किंवा क्लबाचा असतो. सभासद झाल्यावांचून तेथें गळ टाकतां येत नाहीं. ज्यास ती उठाठेव नको, त्यानें अशा लहान तळ्यावर जावें, दिवसाचें तिकीट घ्यावें आणि संध्याकाळपर्यंत बसावें. शिवाय सरकारचा गळाचा परवाना निराळा काढावा लागतो. तेरा वर्षांखालील मुलांस तो लागत नाहीं. मोठ्या माणसानें परवान्यावांचून गळ टाकल्यास अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो. मुलानें एका दिवसापुरता परवाना आदल्या रात्रीं घरबसल्या काढून ठेविला होता.

त्या दिवशीं तळ्यावर गर्दी असण्यास एक कारण होतें. तेथें नद्यांवर १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत अशा माशांची मासेमारी बंद असते. हे दिवस अंडीं घालण्याचे, म्हणून १८७८ च्या कायद्यानें ही बंदी घातली. बंदिस्त तळ्यांपैकीं बहुतेकांवरून ती १९९५ सालीं उठविण्यांत आली. आम्ही गेलों तो बंदीचा शेवटचा दिवस; नदी उद्यां खुली व्हावयाची, तोंपर्यंत हात शिवशिवणारे सर्व लोक तळ्यावर जमलेले.

या माशांस तिकडे ‘कोर्स फिश’, म्हणजे भरड मासे, म्हणतात. सामन आणि ट्राउट हे बड्या लोकांचे मानाचे मासे. बाकी रोच, टेंच, ब्रीम, पर्च, कार्प हे सर्व भरडांत जमा. हें ऐकून मला आपल्या ज्वारी-बाजरीची आठवण झाली. त्यांनाही आम्ही आजवर भरड धान्यच म्हणत आलों, आणि २०२३ हें वर्ष जगभर त्यांच्या नांवानें साजरें झालें तेव्हां कोठें त्यांना पंक्तींत पाट मिळाला! तिकडच्या भरड माशांना तो मान पूर्वींच मिळालेला दिसतो. त्यांतही कार्पाचा तोरा मोठा. हा मासा मूळचा तेथील नव्हे. मध्ययुगांत यूरोपांतून आणलेला. १९५२ सालीं रिचर्ड वॉकर नांवाच्या गृहस्थानें चव्वेचाळीस पौंडांचा एक कार्प धरला, तो पुढें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत ठेवला होता. त्याची गोष्ट ते लोक अजून सांगतात. आपल्या तळ्यांत ज्याला ‘सायप्रिनस’ म्हणतात तो हाच. आपल्या देशांत १९३९ सालीं तो सिलोनांतून निलगिरीवर आणला गेला.

तळें सव्वा एकराचें. पूर्वीं तेथून विटांसाठीं चिकणमाती काढीत. माती संपली आणि खड्डा उरला. आमच्या सातबाऱ्यावर अशा जागेस ‘पोटखराब’ असा शेरा मारून मोकळें होतात, आणि माझ्या नोकरींत असे शेरे मीं शेंकड्यांनीं उतरून काढले आहेत. मालक साठीच्या घरांतला, पूर्वीं गाई पाळणारा. दुधाच्या धंद्यांत कांहीं उरेना, तेव्हां त्यानें तो खड्डा सारखा केला, कांठाला वेत व लव्हाळें लावलें, परवानगी काढून मासे सोडले, आणि कांठावर बसण्यासाठीं लांकडी फळ्यांचे अठरा ओटे बांधले. माझें इंग्रजी बेताचें. मुलगा दुभाषी झाला. मीही जमिनीच्या दप्तरांतला माणूस आहें हें कळल्यावर त्यानें आपली वही आणून माझ्या पुढ्यांत ठेविली.

ती वही पाहून मला जो आनंद झाला तो सांगून समजावयाचा नाहीं! तारीख, वार, तिकिटें किती, पाण्याची उष्णता किती, कोणत्या ओट्यावर कोणता मासा निघाला, वजन काय, मेलेले मासे किती. मे महिन्याच्या अखेरीस दहा दिवसांच्या ओळी कोऱ्या होत्या. विचारतां तो म्हणाला, “कार्प कांठाच्या गवतांत अंडीं घालीत होते. पाणी तापूं लागलें कीं ते धुमाकूळ घालितात. त्या वेळीं मी फाटक लावतों.” कायद्यानें तसें करण्याचें त्यास बंधन नव्हतें. असा हिशेबी माणूस आमच्या तालुक्यांत तलाठी म्हणून मिळता, तर आम्हां कारकुनांचीं आयुष्यें वाढलीं असतीं.

आम्ही गेलों त्या दिवशीं चौदा माणसें बसलीं होतीं. दर माणशीं दहा पौंड, म्हणजे एका दिवसाचे एकशें चाळीस. आपल्या हिशेबानें सुमारें पंधरा हजार रुपये. हा आंकडा मीं तेथूनच फोनवर पुतण्यास कळविला, आणि पुढील सर्व अनर्थाचें मूळ तेंच. खर्चाची बाजू मला दुपारीं कळली, ती मात्र कळविली नाहीं. हिवाळ्यांत कित्येक दिवस एकही तिकीट फाटत नाहीं. विमा आहे, शौचकूप आहे, वाटेवर खडी आहे. पाणमांजरें येऊन मोठे मासे फाडितात. त्यांना मारणें गुन्हा, म्हणून सबंध तळ्याला कुंपण घालावें लागलें. उन्हाळ्यांत पहांटेस पाण्यांतील प्राणवायु कमी झाला कीं मासे वर येऊन तोंडें उघडतात. त्यावेळीं पाणी उसळविणारें यंत्र चालवावें लागतें. आणि कार्पांचा एक विषाणुरोग आहे. तो माणसास बाधत नाहीं, पण तळेंच्या तळें मारून टाकतो. म्हणून फाटकाशीं औषधी पाण्याची टांकी ठेवली आहे. आपलें हातजाळें तींत बुडविल्याशिवाय कोणासही आंत सोडीत नाहींत.

नियमांची पाटी मुलानें मला वाचून दाखविली. गळाला उलटा कांटा नसावा, म्हणजे तो माशाच्या ओठांतून सहज निघतो. मासा उघड्या जमिनीवर ठेवूं नये. भिजविलेल्या मऊ गादीवर ठेवावा. शिशाचीं वजनें वापरूं नयेत. तीं गिळून हंस मरत, म्हणून लहान वजनांवर १९८७ सालींच बंदी आली. आणि मुख्य नियम हा कीं, धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यांत सोडावा.

मुलानें मक्याचे दोन दाणे गळास लावून टाकले. पाऊण तासानें पाण्यावरील तरंगतें बोंड एकदम खालीं गेलें, आणि दहा मिनिटांच्या ओढाताणीनंतर नऊ पौंडांचा कार्प जाळ्यांत आला. मोजक्याच, पण रुपयाएवढ्या खवल्यांचा तो जीव फार देखणा होता. मालक पाहावयास आला. ओठाच्या डाव्या बाजूस जुना व्रण पाहून म्हणाला, “हा एप्रिलांत सातव्या ओट्यावर निघाला होता.” वहींत पाहिलें तों नोंद होती. मुलानें मासा पाण्यांत धरला, त्यानें शेंपटी हलविली आणि तो गेला.

एकच मासा दहा वेळां विकला जातो, हें व्यापाराचें गणित मला तेथें उमगलें. आणि खरें सांगतों, मला त्याची मोहिनी पडली. परंतु त्याच क्षणीं मनांत एक कांटाही राहिला, आणि त्याला उलटें टोंक आहे. भोई मासा धरतो तो खाण्यासाठीं किंवा विकण्यासाठीं. माळकऱ्यास तें रुचणार नाहीं, तथापि त्यांत पोटाचें कारण आहे. नुसत्या मौजेसाठीं मुक्या जिवाचा ओठ टोंचावा, त्याचें वजन करावें, आणि वर ‘सोडून दिला’ म्हणून दयेचें पुण्य पदरांत घ्यावें, हें मला पुरतें पटलें नाहीं. उलट, ज्या माणसांनीं तळ्यास कुंपण घातलें, अंड्यांच्या दिवसांत फाटक लावलें, मेलेला प्रत्येक मासा वहींत लिहिला, त्यांना निर्दय म्हणणेंही मला जड जातें. हा हिशेब माझ्या हातून जुळत नाहीं. तसाच खात्यावर बाकी ठेवतों.

आतां गांवची हकीकत. आमच्या शिवारांत १९७२ च्या दुष्काळीं कामावर बांधलेला पाझर तलाव आहे. त्यांतील मासेमारीचा ठेका भोई मंडळींच्या सहकारी संस्थेकडे आहे. पावसाळ्यांत ते रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतात आणि दिवाळीनंतर जाळीं लावूं लागतात. माझा पुतण्या ग्रामपंचायतीचा सभासद आहे. मीं पाठविलेलीं छायाचित्रें त्यानें चार जणांस दाखविलीं, आणि मी परत येण्यापूर्वींच एक योजना तयार झाली. ठेक्याची मुदत संपली कीं भोयांस तलाव देऊं नये. शहरांतील हौशी लोकांसाठीं दिवसाचें तिकीट ठेवावें. कांठावर ओटे व खानावळ बांधावी. आणि उन्हाळ्यांत पाणी आटतें म्हणून तळाशीं काळी माती चोपून पाझर बंद करावा!

मी म्हणालों, “अरे, पाझर बंद केल्यावर त्याला पाझर तलाव कां म्हणावें? खालच्या बाजूच्या विहिरींचें काय?”

“काका, तुम्हींच तर सांगितलेंत, दिवसाला पंधरा हजार!”

“सांगितलें खरें. पण ज्याचा खड्डा होता त्यानें आपल्या खड्ड्यांत केलें. तूं दुसऱ्याच्या ताटांत करतो आहेस.”

त्यानंतर दीड महिना तो माझ्या ओट्यावर चढला नाहीं.

त्याची चूक केवळ लोभाची आहे असें मी म्हणत नाहीं. आमच्या भागांत तरुणास शेतींतून जोडधंदा निघाल्यावांचून लग्नाची मुलगी मिळत नाहीं, अशी स्थिति आहे; आणि तो मेहनती आहे. परंतु कित्येक गोष्टी त्यानें पाहिल्याच नाहींत. त्या तळ्यांत चिकणमातीचा तळ आहे, वर बारमाही पाऊस आहे, आणि त्यावर एकही पीक अवलंबून नाहीं. आमच्या तलावाचें कामच मुळीं रिकामें होण्याचें आहे. तो झिरपतो म्हणून खालच्या मळ्यांतील विहिरींस फाल्गुनापर्यंत पाणी असतें, आणि त्यांपैकीं एक विहीर याच पुतण्याची आहे! शिवाय रोहू-कटल्यासारखे आपले मासे सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालीत नाहींत. १९५७ सालीं कटकास हिरालाल चौधरी यांनीं सुई टोंचून त्यांची पैदास करण्याची रीत यशस्वी केली, तेव्हांपासून हें बीज विपुल मिळूं लागलें. म्हणजे दरसाल बीज विकत घ्यावें, आणि वैशाखांत पाणी गेलें कीं सगळें मरूं द्यावें. सायप्रिनस तळ्यांत स्वतः वाढेल हें खरें, पण तो चिखल उकरून पाणी गढूळ करितो आणि मातीच्या बांधाचा कांठही पोखरतो.

दुसरी सूचना अशी निघाली कीं, ‘मागेल त्याला शेततळें’ या २०१६ च्या योजनेंतील तळ्यांवर तिकीट लावावें. तीस मीटर लांब-रुंद तळें म्हणजे अवघे नऊ गुंठे. पैकीं उतार वजा जातां मासे फिरणार कोठें? तींतही ज्यांत प्लॅस्टिकचें कापड अंथरलें आहे त्यांत पाय घसरलेला माणूस वर येऊं शकत नाहीं. पोहतां येणारेही अशा तळ्यांत बुडाले आहेत. त्यांच्या कांठीं तिकीट घेऊन शहरची लेंकरें बसविणें मला तरी धाडसाचें वाटत नाहीं, गुन्ह्याचें वाटतें. तेथें दोराची शिडी टांगावी, कुंपण घालावें, आणि विकण्यापुरते मासे वाढवावे. तें ठीक आहे.

मग माझें म्हणणें काय? सार्वजनिक तलाव भोयांकडेच राहूं द्यावा. ठेक्याच्या अटींत पंचायतीनें वाटल्यास असें घालावें कीं, रविवारीं एका कांठावर गळास परवानगी असावी, आणि त्या तिकिटाचा पैसा भोयांच्या संस्थेंत जमा व्हावा. पाण्याची खोली, माशाची चाल, कोठें दगड आहे आणि कोठें गाळ, हें त्यांच्याइतकें गांवांत दुसऱ्या कोणास ठाऊक आहे? ज्यास स्वतःचा धंदा करावयाचा आहे त्यानें स्वतःचा पोटखराब शोधावा. आमच्याच सामाईक गटांत दगडखाणीचा वीस गुंठ्यांचा जुना खड्डा पडून आहे. एका बाजूची कड तासून पायऱ्या व कठडा करावा लागेल, खर्च आहे. परंतु तें पाणी कोणाच्या विहिरीचें नाहीं आणि कोणाच्या घासाचें नाहीं.

दीड महिन्यानंतर पुतण्या आला तो हें ऐकून गप्प बसला. मग म्हणाला, “काका, खाणींत उन्हाळ्यांत पाणी राहतें कीं नाहीं हें कोणीं पाहिलें आहे?” प्रश्न बरोबर होता, कोणींच पाहिलें नव्हतें. भोयांच्या संस्थेच्या अध्यक्षांस विनंती करून त्यांच्याच होडक्यांतून आम्हीं मध्यभागीं फुटांच्या खुणा केलेला बांबू रोवला, आणि मीं एक वही आंखून दिली. दर अमावास्येस तो खुण पाहून आंकडा लिहितो. मार्गशीर्षांत अकरा फूट होते, पौषांत साडेदहा. ठेक्याचा विषय ग्रामसभेपुढें ज्येष्ठांत येणार आहे, तोंपर्यंत वैशाखाची नोंद झालेली असेल.