रंगाखालची ओल

गोव्यातील आपल्या जुन्या घरांत चतुर्थीपूर्वी भिंती रंगवण्याची रीत आहे. सणाला घर उजळावे, यात गैर काहीच नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. ऐन पावसात, भिजलेल्या भिंतीवर प्लास्टिक रंगाचे दोन हात देऊन ‘ओल गेली’ असे मानणे ही निव्वळ आत्मवंचना होय. ओल जात नाही. ती पाहुण्यांच्या दृष्टीआड होते आणि घरच्यांच्या श्वासात राहते.

आपली घरे चिऱ्यांची. चिरा हा सच्छिद्र दगड. तो जमिनीतील पाणी वर ओढतो. जुन्या गवंड्यांनी त्यावर चुन्याचा गिलावा दिला, कारण चुन्यातून ते पाणी वाफ होऊन निघून जाई. पुढे चुना खरवडून सिमेंट आले आणि सिमेंटवर पाणी न सोडणारा रंग. वाट बंद झालेले पाणी भिंतीत साठते, लोणा फुटतो, रंगाचे पोपडे सुटतात, कपाटामागे काळी बुरशी धरते. मग पुढच्या वर्षी पुन्हा रंगारी!

या बुरशीला केवळ ‘कुबट वास’ म्हणून सोडून देता येत नाही. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत तरंगतात आणि श्वासावाटे आत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावणे यांचा धोका अधिक असतो, असा तिचा निष्कर्ष आहे. इतकी बुरशी निर्धोक, अशी कोणतीही मर्यादा तिला आखून देता आली नाही. म्हणूनच ओल साचूच देऊ नये, एवढाच तिचा सांगावा. त्यावर आम्ही काय करतो? उदबत्ती लावतो. म्हणजे दूषित हवेत धुराची भर घालतो.

‘आमचे आजोबा याच घरात नव्वदीपर्यंत जगले,’ असे उत्तर आम्हांला नेहमी मिळते. पण आजोबांचे घर हे नव्हते. कौलांच्या फटींतून वारा खेळत होता, राजांगणातून उष्ण हवा वर जात होती, चुलीच्या धगीने माळा कोरडा राहत होता. त्या चुलीच्या धुराने घरातील स्त्रियांच्या डोळ्यांची आणि छातीची काय दशा केली, हेही विसरू नये. चुलीकडे परतण्याचा आमचा आग्रह नाही. परंतु गॅसही कोरडा नव्हे. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते, १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे हे पाणी वीस लिटरांहून अधिक भरते. बंद खिडक्यांच्या स्वयंपाकघरातून ते जाणार कोठे?

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. दिवाणखाना क्वचितच ओला असतो. ओली असते ती मागची खोली, जिथे वृद्ध आजी निजते किंवा लहान मुले अभ्यास करतात. रंगाचा खर्च मात्र आधी दिवाणखान्यावर होतो. सामाईक घराच्या वाटेकऱ्यांत ‘कौले कोणी परतायची’ हा वाद वर्षानुवर्षे चालतो आणि त्याची किंमत आजीचा खोकला मोजतो. घराण्याच्या प्रतिष्ठेची ही कोणती रीत?

उपाय अवघड नाहीत. मृगापूर्वी कौले परतावीत, पन्हळी साफ कराव्यात. पागोळ्यांचे पाणी जोत्यापाशी मुरू न देता दूर काढावे. अंगणातील भर जोत्याच्या वर चढली असल्यास ती उतरवावी. चिऱ्याच्या भिंतीला पुन्हा चुन्याचाच गिलावा द्यावा. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावीत. ग्रंथसंग्रहाच्या कपाटांना तर हे विशेष लागू. स्वयंपाकघर व न्हाणीघर यांना हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच. कपडे निजण्याच्या खोलीत वाळवू नयेत. पावसाळ्यात बाहेरची हवाही दमट असते हे खरे. म्हणून दिवसभर नव्हे, पण उघडीप पडताच खिडक्या सताड उघडाव्यात.

यंदा रंगासाठी बाजूला काढलेले पैसे आधी कौलांवर आणि पन्हळींवर खर्च व्हावेत, अशी आमची मागणी आहे. चतुर्थीला चुन्याची सफेदी पुरेशी शोभते. भिंत उन्हाळ्यात पुरती सुकली की रंग खुशाल द्यावा. तोवर घरातील माणसांना कोरडा श्वास तरी मिळेल.