चोर सोडून सोळा संन्याशांना सुळी

कोल्हापुरातला फुटबॉलचा हंगाम कधी कधी कसा संपतो, हे पेठेतल्या पोराटोरांनाही आता पाठ झालं आहे. गॅलरीतून आधी शिवी येते, मग बाटली, मग दगड. सामना सुटल्यावर दोन्हीकडचे समर्थक रस्त्यात एकमेकांना भिडतात, आणि दुसऱ्या दिवशी निरोप फिरतो : पुढचे सामने बंद. हुल्लडबाजीची चीड साऱ्या शहराला आहे. तिच्यावर शाई खर्च करायला नको. हे पत्रक आहे ते दुसऱ्या दिवशीच्या त्या निरोपाविषयी.

वरिष्ठ गटात १६ संघ. प्रत्येकाचे अकरा धरले, राखीव बाजूला ठेवले, तरी १७६ खेळाडू. दगड मारणारे हात फार तर दहा-वीस. शिक्षा १७६ जणांना, आणि त्या दहा-वीस जणांना काय? काहीच नाही. त्यांची कुठे नोंदणी नसते, त्यांचे बूट झिजत नाहीत, त्यांचं वय वाया जात नाही. पुढच्या हंगामात ते गॅलरीच्या त्याच पायरीवर, त्याच घोषणा देत, आणखी जोमात हजर. खेळाडूचं तसं नाही. हंगाम थंडीत सुरू होतो आणि पावसाच्या आत उरकावा लागतो. एप्रिलमध्ये बंद पडलेली स्पर्धा जुलैच्या चिखलात भरून काढता येत नाही. पहाटे सराव करून दिवसभर दुकानात, कारखान्यात, कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या हाती उमेदीचे मोजके हंगाम असतात. त्यातला एक गेला की गेला.

ही लीग कुणी पैसेवाल्याने वर्षभरापूर्वी विकत घेतलेली नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पेठापेठांत तालमी घुमू लागल्या, आणि पुढे त्याच तालमींच्या पोरांनी लाल मातीतून उठून चेंडू पायात घेतला. म्हणून तर इथल्या संघांच्या नावात आजही तालीम आहे. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. सोबतीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. गणपतीची वर्गणी गोळा करणारी आणि संघाच्या किटसाठी दारोदार फिरणारी माणसं बहुधा एकच. संघ म्हणजे पेठ आणि पेठ म्हणजे संघ. शाहू स्टेडियमच्या पायऱ्या जाहिरात न करता भरतात त्या या ईर्षेमुळे. बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडू आणायचीही हौस आली, तीही हिच्यातूनच.

आता बंदीच्या समर्थकांचा लाडका प्रश्न. ‘एवढ्या गर्दीत दगड कुणी मारला, हे ओळखायचं कसं?’

हा प्रश्न दुसऱ्या एखाद्या शहरात विचारला असता तर समजून घेता आला असता. कोल्हापुरात पोरगा कोणत्या गल्लीतला, कुणाचा पुतण्या, सकाळी कोणत्या कट्ट्यावर आणि संध्याकाळी कोणत्या टपरीवर, हे पेठेला तोंडपाठ असतं. त्यात हल्ली प्रत्येक जण मोबाइल वर धरूनच सामना पाहतो. दगड मारणारा दगड मारतो, त्याचा मित्र त्याचं चित्रीकरण करतो, आणि रात्री ते स्टेटसला झळकतं, वर गाणं लावून. गुन्हेगार स्वतः पुरावा छापून वाटतो आहे, आणि जबाबदार मंडळी म्हणतात, ओळख पटत नाही!

दुसरा युक्तिवाद संघांच्या बाजूने येतो : ‘ते आमचे समर्थकच नव्हेत.’ वा! करंडक जिंकल्यावर मिरवणुकीत गुलाल उधळणारे हजारो जण ‘आमची ताकद’, आणि त्यातल्याच वीस जणांनी दगड उचलला की ते परग्रहावरचे.

शांतपणे इतरत्र पाहू. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, क्रिकेट विश्वचषकाचा उपांत्य सामना. भारत ८ बाद १२०, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला, विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. जबर शिक्षा होती. पण ज्यांचा सामना त्यांनाच. विश्वचषक गुंडाळला नाही, चौथ्या दिवशी लाहोरात अंतिम सामना झाला. ९ डिसेंबर २०१२ रोजी कोलकात्यात मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात बागानचा रहीम नबी दगड लागून जखमी झाला आणि मोहन बागानने उत्तरार्धात उतरायला नकार दिला. आधी क्लबवर दोन वर्षांची बंदी आली, मग ती उठवून दोन कोटींचा दंड आणि तोवर कमावलेले सगळे गुण शून्य. लीग मात्र चालू राहिली. शेजारच्या गोव्यात तर २००४ साली दुसऱ्या श्रेणीत वर चढण्यासाठी गोलफरकाची शर्यत लागली आणि एक सामना ५५-१, तर दुसरा ६१-१ असा ‘जिंकला’ गेला. सगळ्या फुटबॉलची अब्रू गेली होती, तरी वर्षभराची बंदी आली ती त्या चार क्लबांवर. उरलेल्यांना कुणी घरी बसवलं नाही.

हुल्लडबाजीसाठी जगभर बदनाम झालेल्या इंग्लंडने १९८६ च्या कायद्याने काय केलं? दोषी ठरलेल्या माणसालाच मैदानात यायला मनाई करण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. आणि तुर्कस्तानचा उपाय तर आपल्या पेठांनी मुद्दाम ऐकावा असा. फेनरबाचे क्लबच्या समर्थकांनी धुडगूस घातला, तेव्हा सप्टेंबर २०११ मध्ये सामना रद्द झाला नाही. पुरुषांना दार बंद झालं. फक्त बायका आणि बारा वर्षांखालची मुलं. ४१ हजारांवर प्रेक्षक आले! मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा एक सामना फक्त आया, आत्या आणि माम्यांसमोर खेळवून पाहायला काय हरकत आहे? बाहेर रस्त्यावर उभं राहून नुसता गोंगाट ऐकताना भल्याभल्यांची खुमखुमी उतरेल.

‘पण बंद केल्याने अद्दल घडते.’ एकदा बंद करून अद्दल घडली असती, तर दुसऱ्यांदा बंद करायची वेळ का आली? ‘पोलिसांवर ताण येतो.’ येतो, हे मात्र खरं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यासाठी ईर्षेचा सामना रिकाम्या गॅलरीत खेळवा, समर्थकांची दारं वेगळी करा, वेळ बदला. त्याचा तोटा त्या दोन संघांना होईल. उरलेल्या चौदांनी काय पाप केलं?

बंदी सगळ्यांना आवडते याचं कारण उघड आहे. तिच्यात कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. संघाचे गुण कापले तर पेठ रुसते, पोराला रोखलं तर त्याचा काका फोन करतो, पुढच्या निवडणुकीत तोच काका लागणार असतो. सामने बंद केले की रुसायला कुणी उरत नाही, फक्त खेळाडू उरतात, आणि त्यांना विचारतो कोण! याच गावातून निखिल कदम मोहन बागानपर्यंत पोहोचला, अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यांच्या वाटेने निघालेल्या पोराच्या आईबापांना बंदीचा प्रत्येक निरोप एकच सांगतो : याला क्रिकेटला घाला.

तेव्हा मागणी साधी आहे. पुढच्या हंगामाच्या नोंदणीवेळी प्रत्येक संघाने खेळाडूंच्या यादीसोबत गॅलरी सांभाळणाऱ्या वीस कार्यकर्त्यांची यादी सहीनिशी द्यावी. दगड पडला तर मारणाऱ्याचं नाव त्या वीस जणांनी आठवड्यात द्यावं. दिलं तर त्या माणसाला दोन हंगाम प्रवेशबंदी, नाही दिलं तर त्यांच्या संघाचे तीन गुण वजा. बाकीच्यांचा सामना ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी सुरू व्हावा. नोंदणीच्या अर्जावर एवढा एक रकाना वाढवायला छापखान्याला अर्धा दिवसही लागणार नाही.