सहावीच्या मुलांना अर्धा आणि पाव यात गोंधळ का होतो? शाळेतल्या चाचण्यांचे आकडे नेमकं काय सांगतात

करी रोड स्टेशनवरून लालबागच्या चिवडा गल्लीत गेलात, तर सहावीतला कुठलाही मुलगा दुकानदाराला बरोबर सांगेल, "काका, पाव किलो द्या." अर्धा किलो जास्त की पाव किलो, असं विचारलं तर तो हसेल. पण हाच प्रश्न कागदावर आला आणि १/२ मोठा की १/४ असं विचारलं, की बरीच मुलं १/४ वर खूण करतात. कारण दोनापेक्षा चार मोठा.

ही गंमत नाही. ४ डिसेंबर २०२४ ला देशभरात 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' झालं. ७८१ जिल्हे, ७४ हजारांहून जास्त शाळा आणि तिसरी, सहावी, नववीची २१ लाखांवर मुलं त्यात होती. अर्धा, पाव यांसारखे रोजच्या वापरातले अपूर्णांक ओळखायचे आणि त्यांची तुलना करायची, या कौशल्यात सहावीच्या बरोबर उत्तरांचं देशभरातलं प्रमाण फक्त २९ टक्के निघालं. दहापर्यंतचे पाढे आणि साध्या गणिती क्रिया यात ते ५३ टक्के होतं.

असे आकडे आले की दोन दिवस रील्स फिरतात. 'मुलं मोबाईलमुळे वाया गेली', 'शिक्षक शिकवतच नाहीत', 'सरकारी शाळा म्हणजे अशाच'. पण मूळ प्रश्न मागेच राहतो. हे आकडे कोणाबद्दल बोलतायत? तुमच्या मुलाबद्दल, त्याच्या शाळेबद्दल, की आणखी कशाबद्दल?

वर्ग वाढतो, गुण घटतात

आधी तीन सर्वेक्षणांमधले गणिताचे देशपातळीवरचे सरासरी गुण बघू.

२०१७: तिसरी ६४ टक्के, पाचवी ५३, आठवी ४२.
२०२१: तिसरी ५७ टक्के, पाचवी ४४, आठवी ३६.
२०२४: तिसरी ६० टक्के, सहावी ४६, नववी ३७.

तीन वेगळी वर्षं, पण चित्र एकच. मूल जसजसं वरच्या वर्गात जातं, तसतसे गुण खाली येतात. म्हणजे सगळं खापर कोविडवर फोडता येणार नाही, कारण २०१७ मध्येही उतार असाच होता.

मग मुलं वरच्या वर्गात जाऊन 'ढ' होतात का? नाही. गणित हा जिन्यासारखा विषय आहे. स्थानिक किंमत कळली नाही तर भागाकार अडतो, भागाकार अडला तर अपूर्णांक अडतो, आणि अपूर्णांक अडला की शेकडेवारी, बीजगणित सगळंच अंगावर येतं. तिसरीत सुटलेली पायरी तिसरीत फारशी दिसत नाही. ती सहावीत दिसते.

एकच बॅच, दोन चाचण्या

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. २०२१ च्या सर्वेक्षणात जी मुलं तिसरीत होती, तीच बॅच २०२४ मध्ये सहावीत होती. तिसरीत गणिताची सरासरी ५७, सहावीत ४६. प्रश्नपत्रिका वेगळ्या होत्या, त्यामुळे थेट वजाबाकी करू नका. पण ही बॅच कोणती ते बघा.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही मुलं पहिलीत होती. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग पुन्हा भरायला १५ डिसेंबर २०२१ उजाडलं आणि जानेवारीत ते पुन्हा काही आठवडे बंद झाले. म्हणजे दुसरीचं अख्खं वर्ष आणि तिसरीचा मोठा भाग घरात गेला. दहा बाय बाराच्या खोलीत, घरात एक फोन, आणि तो फोन वडिलांसोबत कामावर. हातचा घ्यायचा, गट करायचे, कागदाची घडी घालून अर्धा-पाव समजून घ्यायचं, ते नेमकं याच दोन वर्षांत शिकायचं होतं.

उतार आधीपासून होता. या बॅचला तो उतरताना हात धरायला वर्गात कुणी नव्हतं.

मग एवढ्या परीक्षा कशासाठी?

करी रोड-लालबाग भागातल्या महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतलं मूल पाचवी ते आठवीत चार वेगवेगळ्या प्रकारच्या चाचण्यांना सामोरं जाऊ शकतं. प्रत्येकीचं काम वेगळं आहे.

परख: यात निवडक शाळांमधली निवडक मुलं बसतात. मुलाचा वैयक्तिक निकाल येत नाही. निष्कर्ष राज्य आणि जिल्हा पातळीवर निघतात. ही व्यवस्थेची परीक्षा आहे, तुमच्या मुलाची नाही.

नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे पॅट: राज्य सरकारने २०२३-२४ पासून सुरू केली. भाषा, गणित आणि इंग्रजी. कोणतं मूल कुठे अडलंय हे शिक्षकाला कळावं, हा हेतू.

शिष्यवृत्ती परीक्षा: महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर, एकूण ३०० गुण, भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. पूर्वी चौथी आणि सातवीला असायची, २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला आली, आणि आता सरकारने पुन्हा चौथी-सातवीकडे जायचं ठरवलंय. ही निवड परीक्षा आहे. पुढे असलेली मुलं शोधणं हे तिचं काम.

पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा: 'आठवीपर्यंत नापास नाही' हे धोरण महाराष्ट्राने २०२३ मध्ये बदललं. या दोन वर्गांत नापास झालं तर पुनर्परीक्षा, आणि तिथेही जमलं नाही तर पुन्हा तोच वर्ग.

आता यात सहावी कुठे बसते ते बघा. सहावीला शिष्यवृत्ती नाही. सहावीला नापास होण्याची भीती नाही. वाचन आणि गणिताचा पाया पक्का करणारं केंद्राचं 'निपुण भारत' अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, पण त्याचं लक्ष्य तिसरीपर्यंतचं आहे. बातम्यांमध्ये गाजणारा 'असर' अहवाल ग्रामीण भारताचा असतो, तो करी रोडला येतच नाही. उरते ती पॅट. तिचे गुण भरले गेले आणि विषय तिथेच संपला, तर हे मूल थेट आठवीच्या वार्षिक परीक्षेला सापडतं. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

फलकावर कोण दिसतं?

निकाल लागला की शाळेच्या गेटवर फलक लागतो. शिष्यवृत्तीधारकांचे फोटो, खाली अभिनंदन. त्या मुलांचं कौतुक व्हायलाच हवं. पण चाळीसच्या वर्गातल्या चार मुलांवरून शाळा ठरवली, तर उरलेल्या छत्तीस जणांचं काय? मराठी शाळांना पटसंख्या टिकवायची आहे, त्यामुळे फलकाचा मोह समजण्यासारखा आहे. पालकही तोच फलक बघून शाळा निवडतात. पण अपूर्णांकात अडलेलं मूल त्या फलकावर कधीच येत नाही.

बाजारात जमतं, वहीत का नाही?

चिवडा गल्लीकडे परत येऊ. २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या सुमारे १,४०० मुलांचं गणित त्यांनी तपासलं. ही मुलं वजन, भाव, सुट्टे पैसे याचा हिशेब तोंडी आणि झटपट करत होती. तसंच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिलं की अडत होती. आणि शाळकरी मुलांचं नेमकं उलट. वहीतलं येत होतं, बाजारातलं येत नव्हतं.

म्हणजे डोकं कमी पडत नाही. दोन गणितांमधला पूल कुणी बांधत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली होती. घोकंपट्टी होती, पण पाव-अर्ध्याचा हिशेब रोजच्या व्यवहाराशी जोडलेला होता.

उपाय मुंबईनेच दाखवलाय

२००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत 'प्रथम' संस्थेचा 'बालसखी' प्रयोग तपासला गेला. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना दिवसातले दोन तास वेगळं बसवायचं आणि वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणीने त्यांना त्यांच्या पातळीपासून शिकवायचं. वर्ग कोणता हे महत्त्वाचं नाही, मूल कुठे अडलंय हे महत्त्वाचं. मुलांचे गुण वाढले, आणि फायदा झाला तो प्रामुख्याने सगळ्यात मागे असलेल्यांना. खर्चही फार नव्हता. हा अभ्यास करणाऱ्यांमध्येही बॅनर्जी आणि डफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

असाच तास सहावी-सातवीत, पॅटचा निकाल हातात घेऊन का नको?

पालक म्हणून तुम्ही काय करू शकता?

पुढच्या पालक सभेत 'किती मार्क पडले?' हा प्रश्न विचाराच. पण तिथे थांबू नका. पॅटमध्ये कोणते प्रश्न चुकले, आणि त्यानंतर शाळेने त्या मुलासाठी काय केलं, हेही विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रगतिपुस्तकात असतं. दुसऱ्याचं उत्तर शाळेला द्यावं लागतं.

आणि आज रात्री जेवताना एक पोळी घ्या. तिचे चार तुकडे करा, एक तुकडा मुलाच्या ताटात ठेवा आणि हा किती भाग आहे ते त्याला कागदावर लिहायला सांगा. मग पोळीचा अर्धा भाग कसा लिहायचा ते विचारा, आणि दोन्हींत मोठा कोणता तेही. उत्तर चुकलं तर रागावू नका. ते तिसरीत कुठेतरी राहून गेलंय, आणि सहावीत भरून काढता येतं.