मुकादमाच्या देखत समाधान

आमच्या कोल्हापुरांतील एका ओतकामाच्या कारखान्यांत कामगारांच्या समाधानाची पाहणी झाली. प्रश्नपत्रिका मुकादमानें वाटली, वर नांव लिहविलें आणि कागद भरून होईतों तो शेजारीं उभा! भट्टीपुढील उष्मा सोसवतो काय, हा प्रश्न मात्र नव्हता. ‘सर्व समाधानी’ हा निष्कर्ष; पुरावा काय, तर कागद पुष्कळ जमले. अहो, १९३६ सालीं अमेरिकेंतील ‘लिटररी डायजेस्ट’नें २० लाखांहून अधिक उत्तरें जमवून रूझवेल्टांचा पराभव भाकीत केला, ते ४८ पैकीं ४६ राज्यांत विजयी झाले! यादी बहुतांशीं टेलिफोन-मोटारवाल्यांची होती. धनंजयराव गाडगीळांच्या १९४५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुणें-पाहणींत नमुन्याचीं कुटुंबें निवडून माहिती घेतली होती. तेवढा व्याप आमच्या कारखानदारांना नको असेल, तर निदान नांवाचा रकाना गाळावा व मुकादमास तासभर चहाला धाडावें.