आकाशाचे रक्षण शस्त्रागारात

२८ नोव्हेंबर २००२ रोजी सकाळी केनियातील मोंबासा विमानतळावरून इस्रायलच्या आर्किया कंपनीचे बोइंग विमान तेल अवीवकडे निघाले. ते पुरते वर चढते न चढते तोच विमानतळाबाहेरून त्याच्या रोखाने दोन क्षेपणास्त्रे सुटली. दोन्हींचा नेम चुकला आणि विमानातील २७१ माणसे सुखरूप स्वदेशी पोहोचली. त्याच सकाळी जवळच्या एका हॉटेलावर झालेल्या आत्मघातकी स्फोटात मात्र निरपराध माणसे प्राणास मुकली, आणि जगाचे लक्ष साहजिकच तिकडे वेधले. नेम चुकला म्हणून विमानाची घटना मागे पडली. परंतु तिच्यातून घ्यावयाचा धडा जगाने अद्याप पुरता घेतलेला नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

खांद्यावरून डागावयाचे हे अस्त्र म्हणजे सुमारे दीड मीटर लांबीची एक नळी. तिचे वजन पंधरा किलोच्या आसपास. एका माणसाने उचलावी, साध्या मोटारीत लपवावी, इतकीच ती असते. तिच्यातील क्षेपणास्त्र इंजिनाच्या उष्णतेचा माग काढीत विमानाकडे झेपावते. त्याचा पल्ला मात्र मर्यादित असतो. जुन्या सोव्हिएत बनावटीचे स्ट्रेला दोनअडीच किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचते, नवी अस्त्रे त्याहून काहीशी अधिक. दहा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानास त्यांची बाधा नाही. २०१४ च्या जुलैत युक्रेनवर मलेशियाचे जे विमान पाडले गेले, ते वाहनावरून डागलेल्या अवजड क्षेपणास्त्राने. तो प्रकार निराळा. खांद्यावरील अस्त्राचा धोका उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या काही मिनिटांपुरताच असतो. पण प्रत्येक विमानास ती मिनिटे चुकत नाहीत.

हा धोका काल्पनिक आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने इतिहास चाळावा. १९७८ च्या सप्टेंबरात आणि १९७९ च्या फेब्रुवारीत ऱ्होडेशियाची दोन व्हायकाउंट प्रवासी विमाने बंडखोरांनी ह्याच अस्त्राने पाडली. त्या दोन प्रसंगांत मिळून शंभराहून अधिक माणसे गेली. २९ सप्टेंबर १९९८ रोजी जाफन्याहून कोलंबोकडे निघालेले लायनएअरचे विमान समुद्रात कोसळले आणि आतील ५५ जणांपैकी एकही वाचला नाही. तमिळ वाघांचे हे कृत्य आपल्या किनाऱ्यापासून फार दूर घडलेले नव्हते. २००३ च्या नोव्हेंबरात बगदादहून उडालेल्या एका मालवाहू एअरबसचा डावा पंख असाच भेदला गेला. विमानाची सर्व नियंत्रणयंत्रणा निकामी झाली असता आतील तिघा कर्मचाऱ्यांनी केवळ इंजिनांचा जोर कमीअधिक करून ते जमिनीवर उतरविले. असे कौशल्य आणि असे दैव प्रत्येक वेळी साथ देईलच असे नाही. १९७० नंतरच्या दशकांत चाळीसहून अधिक नागरी विमानांवर ह्या अस्त्राचा आघात झाला आणि आठशेहून अधिक माणसे मेली, अशी अमेरिकी परराष्ट्र खात्याची नोंद आहे.

ह्यावर उपाय काय? विमानावरच संरक्षक यंत्र बसवावे, हा पहिला विचार. मोंबासानंतर इस्रायलने तो मार्ग धरला. परंतु त्याची विमाने थोडी आणि धोका मोठा. अमेरिकेतील सुमारे ६,८०० विमानांवर अशी यंत्रे बसविण्यास अकरा अब्ज डॉलर लागतील व पुढे दरवर्षी दोन अब्जांहून अधिक खर्च येईल, असा हिशेब रँड संस्थेने २००५ मध्ये मांडला, आणि ते काम घाईने हाती घेऊ नये असाच सल्ला दिला. विमानतळाभोवती पहारा वाढवावा, हा दुसरा विचार. तो योग्य आहे, पण पुरेसा नाही. मुंबईत उतरणारी विमाने घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून जातात. तेथील कोणत्या गच्चीवर आणि कोणत्या गल्लीत पोलीस उभा करावयाचा?

तेव्हा नळी विमानतळाजवळ येईपर्यंत वाट पाहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातलाच प्रकार होय. मुळात ती आली कोठून, हे पाहिले पाहिजे. मोंबासाच्या क्षेपणास्त्रांचा माग संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी काढला. ती १९७८ मध्ये सोव्हिएत रशियात तयार झाली होती आणि येमेनमधून सोमालियामार्गे केनियात शिरली होती. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यावर चोवीस वर्षांनी, ज्यांच्याशी त्या कारखान्याचा काडीचाही संबंध नव्हता अशा माणसांच्या हातून, ती एका प्रवासी विमानावर सुटली! हे अस्त्र कोणी तळघरात घडवीत नाही. ते सरकारी कारखान्यात जन्मते आणि सरकारी कोठारातून वाट फुटल्यावरच दहशतवाद्याच्या खांद्यावर चढते.

महासत्तांनी ही वाट स्वतःच्या हातांनी मोकळी केली. १९८६ पासून अमेरिकेने अफगाण मुजाहिदांस स्टिंगर क्षेपणास्त्रे दिली. सोव्हिएत फौजा परतल्यावर उरलेली परत विकत घेण्याची पाळी तिच्यावर आली. भस्मासुराची कथा आपण लहानपणी ऐकतो. ती राजधान्यांतून कोणी ऐकलेली दिसत नाही. लिबियात गडाफीने वर्षानुवर्षे सुमारे वीस हजार क्षेपणास्त्रे जमविल्याचा अंदाज होता. २०११ मध्ये त्याची सत्ता कोसळताच कोठारे उघडी पडली, आणि पुढे सुमारे पाच हजारच नष्ट वा निकामी करता आल्याचे अमेरिकेने सांगितले.

ह्यावर नियम नाहीत असे नाही. वासेनार करारगटाने २००३ मध्ये कडक नियम मान्य केले: हे अस्त्र केवळ सरकारासच द्यावे, क्षेपणास्त्र व डागण्याची यंत्रणा निरनिराळ्या जागी ठेवावी, क्रमांकवार मोजदाद दरमहा करावी, मूळ विक्रेत्या सरकारच्या संमतीवाचून ते तिसऱ्यास देऊ नये. नियम उत्तम आहेत. पण ते पाळले जातात की नाही हे पाहणारी सक्ती त्यांत नाही. २०२२ च्या आक्रमणानंतर युक्रेनला हजारांहून अधिक स्टिंगर मिळाली. आक्रमित राष्ट्राचा स्वसंरक्षणाचा हक्क आम्ही नाकारीत नाही. मात्र देणाऱ्याची जबाबदारी अस्त्र देऊन संपत नाही. त्यातील प्रत्येक नळीचा हिशेब त्याने मागितला पाहिजे.

हाच न्याय आम्ही आपल्या सरकारासही लावू. भारत डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार गटाचा सदस्य झाला. आपल्या सेनेजवळ रशियन इग्ला आहेत. त्याच जातीचे स्वदेशी अस्त्र सिद्ध होत असून २०२२ पासून त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. शस्त्रे निर्यात करण्याची आपली आकांक्षाही वाढत आहे. अशा वेळी ही निर्यात कोणास व कोणत्या अटींवर होईल, ह्याचे धोरण सरकारने संसदेपुढे स्पष्ट मांडावे, आणि इतर देशांनीही कोठारांची परस्पर तपासणी मान्य करावी असा आग्रह धरावा. गुप्ततेची सबब येथे पुढे करता येणार नाही, कारण अस्त्रांची संख्या उघड न करताही अटी उघड करता येतात.

विमानात बसताना सामान्य प्रवासी आपली पिशवी, चप्पल, पाण्याची बाटलीदेखील तपासू देतो. त्याच्याकडून इतका हिशेब घेणाऱ्या सरकारांनी आपल्या कोठारांचा हिशेब चोख ठेवावा, ही त्याची मागणी अवास्तव नाही. ती आजवर त्याच्या वतीने पुरेशा जोराने कोणी केली नाही, एवढेच.