प्रवाशांच्या घाईत मालाचा विसर

पनवेलहून दिवा व भिवंडीवरून वसईस जाणारा लोहमार्ग मुंबईच्या पूर्व-उत्तर सीमेला वळसा घालून आजवर मुख्यत्वे मालगाड्याच वाहत आला आहे. त्यावर प्रवासी गाड्या इतक्या मोजक्या की, खारबाव किंवा कामण येथील रहिवाशाची एक गाडी चुकली तर पुढच्या गाडीची वाट पाहण्यापेक्षा मिळेल त्या टेम्पोत चढणे त्यास शहाणपणाचे वाटते. आणि डोंबिवलीकरास वसईस जावयाचे तर आधी दादरपर्यंत दक्षिणेस उतरून मग तितकेच उत्तरेस चढण्याचा द्राविडी प्राणायाम त्याच्या नशिबी असतो. या पट्ट्यात उपनगरी मार्ग व्हावा अशी तजवीज मुंबई रेल्वे विकास महामंडळाच्या आराखड्यात झाली आहे, तिचे स्वागत करण्यास आम्हांस यत्किंचितही संकोच नाही. मात्र या मार्गाची चर्चा चालते ती केवळ स्थानके, फलाट आणि फेऱ्या यांचीच, आणि ज्या मालासाठी हे रूळ मुळात जमिनीवर आले त्याची दाद घेणारा कोणी दिसत नाही, ही गोष्ट आम्हांस चिंताजनक वाटते.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. डिसेंबर १९१० मध्ये कुर्ला ते रे रोड असा हार्बर मार्ग सुरू झाला, तो पूर्व किनाऱ्यावरील गोद्यांच्या वाढत्या व्यापाराकडे दृष्टी ठेवूनच; आणि १९१५ मध्ये पोर्ट ट्रस्टने बॅलार्ड पिअर ते वडाळा असा स्वतःचा लोहमार्ग त्याच्या जोडीला उभा केला. गोद्या, वडाळ्याचे यार्ड, धान्याची कोठारे, शिवडीकडील कापसाच्या वखारी आणि त्यांच्यापर्यंत जाणारे फाटे यांचा विचार तेव्हा एकत्र झाला, आणि त्यासाठी लागणारी जमीन वस्ती येण्यापूर्वीच राखली गेली. परकीय अमलातील त्या अधिकाऱ्यांचे गोडवे गाण्याचा आमचा मानस नाही, त्यांची नजर व्यापाराच्या नफ्यावर होती हे उघडच आहे. परंतु नफ्यावर नजर असल्यानेच त्यांना मालाचा विसर पडला नाही, हेही तितकेच खरे.

एकाच रुळांवर उपनगरी गाडी आणि मालगाडी चालविणे म्हणजे काय, हे रेल्वेचा कोणताही गाडी-नियंत्रक सांगू शकेल. गर्दीच्या वेळी उपनगरी गाड्या चार-पाच मिनिटांच्या अंतराने सोडाव्या लागतात. चाळीस-पन्नास वाघिणींची मालगाडी मात्र वेग घेण्यास विलंब लावते, थांबण्यासही, आणि ती एक निघावी म्हणून कित्येक लोकलगाड्यांची जागा मोकळी करावी लागते. अशा वेळी बाजूच्या रुळावर तिष्ठत राहण्याची पाळी नेहमी मालगाडीवरच येते, कारण पोलादाच्या पट्ट्या रेल रोको करीत नाहीत आणि सिमेंटच्या पोत्यांना मतदानाचा हक्क नाही. परिणामी माल केव्हा पोहोचेल याची शाश्वती उरत नाही, आणि व्यापारी निमूटपणे रस्त्याकडे वळतो. भिवंडीची गोदामे, तळोज्याचे कारखाने, कळंबोलीचा लोखंड बाजार आणि न्हावा-शेवाचे बंदर ज्या प्रदेशात आहेत तेथे रुळांवरून हुसकलेला माल ट्रेलरांच्या रांगा होऊन रस्त्यावर उतरतो, आणि त्याच रांगांत बसमधला प्रवासी तासन् तास अडकून पडतो.

यावर असे सांगण्यात येईल की, दादरीपासून न्हावा-शेवाच्या याच जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंतचा सुमारे दीड हजार किलोमीटरचा समर्पित मालवाहतूक मार्ग याच पट्ट्यातून आखलेला असल्याने जुने रूळ लोकलगाड्यांना बिनदिक्कत देता येतील. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. तो मार्ग प्रामुख्याने बंदर आणि उत्तर हिंदुस्थान यांमधील लांब पल्ल्याच्या मालासाठी आहे. गुजरातेतून कोकण रेल्वेकडे जाणारी वाहतूक वसई-दिवा-पनवेल हाच रस्ता धरते, आणि भिवंडी-तळोज्याच्या किरकोळ मालाची सोयही त्या मार्गाने आपोआप होणार नाही.

म्हणून उपनगरी गाड्यांस स्वतंत्र रूळजोडी हवी, एवढेच नव्हे तर भिवंडी, तळोजे व कळंबोली येथे मालधक्क्यांसाठी, आणि त्यांस ट्रकांनी पोहोचता यावे अशा रस्त्यांसाठीही, जमीन आजच राखून ठेवली पाहिजे. दिव्याच्या फाटकाने रोज गाड्यांचा जो खोळंबा होतो तो पाहता नव्या मार्गावर एकही फाटक राहता कामा नये. पैशाचा प्रश्न निघेलच. मानखुर्द-वाशी मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भार नवी मुंबई वसविणाऱ्या सिडकोने उचलला होता, आणि रेल्वे येणार म्हणून जमिनीचे जे मोल वाढले त्याचा अंश मार्गासाठीच खर्ची पडावा हे तत्त्व तेव्हा सरकारदरबारी मान्य झाले होते. भिवंडीच्या आसपास गोदामे उठविणाऱ्या जमीनमालकांकडून तसाच अंश वसूल करण्यास प्रत्यवाय कोणता, हे समजत नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने या पट्ट्यातील मालधक्क्यांची आरक्षणे नकाशावर जाहीर करावी, आणि ती जाहीर होईपर्यंत फलाटांच्या निविदा उघडू नयेत.